पंडिता रमाबाई आणि केडगावच्या अंध लेकी

गेल्या श्रावणात मंगळागौरीचे खेळ आटोपल्यावर आम्ही चारसहा जणी मंडळाच्या खोलीत भांडी आवरीत होतो. त्या वेळी आपल्याच एका भगिनीने हळूच एक गोष्ट काढली. त्यांच्या लग्नाला बारा वर्षे झाली, घरात मूल नाही. दत्तक घेण्यासाठी त्यांनी रीतसर नाव नोंदविले होते आणि एका लहान मुलीची माहिती त्यांच्या पाहण्यात आली होती. मुलीला एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अंधुक दिसते. मुलगी दोघांच्याही मनात भरली होती. पण घरात रोज रात्री वही घेऊन हिशेब चालू होता. यजमानांचा पगार बेताचा. अकोल्याला डॉक्टरांकडे खेपा, चष्मे, कदाचित शस्त्रक्रिया, पुढे निराळी शाळा, आणि आपल्या माघारी तिचे कोण? हे परवडायचे कसे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आम्ही प्रत्येकीने काही ना काही सांगितले. कोणी देवावर भार टाकला, कोणी धीर धरा म्हणाले, एकीने तर सरळ नको म्हणून सांगितले. एकीच्याही उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि माझ्या उत्तराने माझेही झाले नाही. घरी आल्यावर मला मात्र राहून राहून पंडिता रमाबाईंची आठवण येत होती. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा दुसरा विषय सुचेना.

रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. संस्कृत पंडिता, शारदा सदन, धर्मांतर, एवढ्यावर ते चरित्र आपण मिटून ठेवतो. आंधळ्या, अशक्त, कोणालाही नकोशा अशा मुली त्यांनी पदरात घेतल्या, आणि हाताशी पैसा नसताना घेतल्या, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना पंडितांचा रोष पत्करावा लागला, तरी त्यांनी आपला हेका सोडला नाही. आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना पहाटे उठवून पाठ दिला. घर म्हणावे असे त्यांना कधी नव्हतेच. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरे. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले, आणि अशा स्थितीत दक्षिणेतील दुष्काळ त्यांच्यावर कोसळला. उच्च कुळातील माणसांनी मोलमजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, अशी शिकवण! भांडी विकली, वस्त्रे विकली. अखेर अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, आणि काही महिन्यांनी थोरली बहीण. राहिली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही हकिगत विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. हाताला काम करण्याची सवय नसल्यामुळे शास्त्रे तोंडपाठ असलेली माणसे उपाशी मेली, हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी आपल्या डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांच्या संस्थेत एकही मुलगी हाताच्या कामावाचून राहिली नाही. याचे मूळ त्या रानात आहे, असे मला वाटते.

पुढची हकिगत आपण थोडक्यात पाहू. भावंडे पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षाचेही न झालेले मूल! त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना वैद्यकी शिकू द्यावी असे निक्षून सांगितले.

स्वतः वैद्यकी शिकावी म्हणूनच त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण ते जमले नाही, कारण त्यांना कमी ऐकू येत असे. ऐकण्याचे हे अधूपण त्यांना जन्मभर पुरले. आपल्या चरित्रग्रंथांतून ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. जिला व्याख्यान नीट ऐकू येत नाही म्हणून मनातील शिक्षण सोडावे लागले, तिला अधू मुलाची अडचण कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

इंग्लंडात असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे हिंदू विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले आणि व्याख्याने देत हिंडल्या. बोस्टनच्या लोकांनी १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन काढून विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरविण्याची हमी घेतली. दहा वर्षे, हा आकडा वाचकभगिनींनी लक्षात ठेवावा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

१८९३ मध्ये मोठे वादळ झाले. सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गवगवा झाला, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी तेव्हा मतभेद होते आणि आपल्या मंडळातही असतील. विश्वासाने मुली पाठविणाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. तरी वर्तमानपत्रांतून ज्यांनी इतकी शाई खर्च केली, त्यांतील किती जणांनी एखादी निराधार मुलगी आपल्या घरी नेली असेल, असेही मनात येतेच.

आता हिशेबाची गोष्ट. दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर सदन कशावर चालायचे? रमाबाईंनी वेळेवर विचार केला होता. पुण्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, लोहमार्गालगत केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. खडकाळ माळ होता. तेथे विहीर खणली आणि संत्री, लिंबे, आंबे यांची झाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदनातील मुलींचे पोट चालावे असा बेत. (आपल्याकडून मनमाड-दौंडवरून पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंडनंतर थोड्याच वेळात हे केडगाव लागते. आपण कितीदा त्या स्टेशनावरून गेलो असू!)

झाडे अजून लहान होती तोच १८९६ सालचा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. बातम्या वाचून रमाबाईंना स्वस्थता मिळेना. स्वतःचे आईबाप कसे गेले हे त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. परंतु अमेरिकेचा पैसा उच्चवर्णीय बालविधवांसाठी होता, दुष्काळातील वाटेल त्या जातीच्या मुलींसाठी नव्हता. हमीचे एकच वर्ष काय ते उरले होते. शहाण्या माणसाने अशा वेळी दार लावून घेतले असते. रमाबाई मात्र गाडीत बसल्या. आपल्या भुसावळवरून पुढे खांडवा-इटारसीची वाट धरून त्या नर्मदेकाठच्या जिल्ह्यांत गेल्या, सरकारी दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि झाडाखाली, रस्त्याच्या कडेला पडलेल्या मुली गोळा केल्या. किती मुली आणायच्या याचा त्यांनी आधी मनाशी निश्चय केला होता. तीनशे. त्या वेळी पदरी होते त्याच्या हिशेबाने हा आकडा वेडेपणाचाच होता.

मुली आणल्या तर पुण्यात प्लेग. इतकी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या त्या माळावर तंबू आणि गवताची छपरे उभारून सर्वांना तेथे नेले. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी लेकींचे घर झाली. हेच पुढचे मुक्ती सदन. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, दहा वर्षांचा जमाखर्च त्यांनी देणगीदारांपुढे मांडला, आणि शारदा सदनाची मदत पुढे चालू राहण्याची व्यवस्था करून परत आल्या. त्यांच्या माघारी सुंदराबाई पवार आणि अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स यांनी मुलींना सांभाळले. मुक्तीला मात्र अशी कोणाची बांधलेली मदत नव्हती. येईल त्या देणगीवर आणि मुलींच्या हातांवर ते चालायचे होते.

दोन वर्षांतच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणत. आपला वऱ्हाडही त्यातून सुटला नव्हता. रमाबाईंची माणसे या वेळी गुजरात-राजपुतान्याकडे गेली आणि केडगावची संख्या दीड हजारांच्या वर चढली.

या मुली कशा होत्या याची कल्पना आज नुसत्या दुष्काळ या शब्दाने येत नाही. हाडे आणि कातडे. अंगावर फोड, तोंडात जखमा. कित्येक आणल्यावरही वाचल्या नाहीत. लांबलेल्या उपासमारीत लहान मुलांचे डोळे जातात. आहारातील अ जीवनसत्त्व संपले की डोळ्याचे बुबूळ कोरडे पडते, मऊ होते आणि फुटते. त्यातच देवीची साथ. तेव्हा दुष्काळातील पोरक्या मुलांत आंधळी मुले पुष्कळ असत. काहींची बुद्धी मंद झालेली, काही पांगळ्या. अनाथाश्रम चालविणाऱ्यांनाही अशी मुले जड वाटतात. धडधाकट मुलगी चार वर्षांनी कामाला येते, तिचे लग्न होते. आंधळीचे काय करायचे?

त्या काळच्या दत्तकविधानाकडे पाहिले तर उत्तर आणखीच कठोर होते. दत्तक घ्यायचा तो मुलगा, पिंडदानासाठी आणि इस्टेटीसाठी. मुलगी दत्तक घेण्याची सामान्यतः सोय नव्हती, आणि स्त्रीला स्वतःसाठी दत्तक घेता येत नसे. जन्मांध, मुके-बहिरे यांना तर जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे वारसाच मिळत नसे. ही अट बऱ्याच अंशी १९२८ च्या कायद्याने गेली. मुलगी दत्तक घेण्याचा आणि अविवाहित वा विधवा स्त्रीने स्वतः दत्तक घेण्याचा हक्क हिंदू स्त्रियांना १९५६ मध्ये मिळाला. आज २०१५ च्या बालन्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या जोडप्याला, एकट्या स्त्रीलाही, मूल दत्तक घेता येते, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी नावनोंदणीत वेगळी सोय ठेवलेली आहे. रमाबाईंच्या वेळी यांपैकी काही नव्हते. त्यांनी कागदावर कोणाला दत्तक घेतले नाही. घेतले ते घरात.

मुक्तीत निरनिराळी सदने झाली. शारदा सदन शिक्षणासाठी, कृपा सदन फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी, प्रीती सदन वृद्ध व अशक्त यांच्यासाठी, आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. बायबलात बार्तिमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची कथा आहे, त्यावरून हे नाव. हिंदुस्थानातील अंधांची पहिली शाळा अमृतसर येथे १८८७ मध्ये निघाली होती आणि मुंबईत मिस ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये दुष्काळातीलच अंध मुलांसाठी शाळा काढली. म्हणजे सारे काम नुकते कोठे सुरू होत होते. मनोरमाबाई परदेशातील शिक्षणानंतर परत आल्या आणि अंध मुलींना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकवू लागल्या. एक मुलगी शिकली की ती दुसरीला शिकवी. रमाबाईंची एकुलती एक लेक, विद्वान आईची विद्वान मुलगी, आणि तिच्या वाट्याला आलेले काम हे! मायलेकींनी ते कमीपणाचे मानले नाही.

आणि आता परवडण्याचा प्रश्न. रमाबाईंच्या व्यवस्थेत मला चार गोष्टी दिसतात, पण त्यांतील एकीवरच मी रेंगाळणार आहे. जमीन होती, विहिरींचे पाणी होते, जमाखर्च चोख होता, हे खरेच. परंतु मुख्य गोष्ट म्हणजे केडगावी प्रत्येक जोडी हातांना काम होते. शेत आणि बाग, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, धुलाई, पाव भाजण्याची भट्टी, धान्य भाजणे, कल्हई, रंगकाम. सूत व लोकर कातणे, घोंगड्या, सतरंज्या, लुगडी विणणे. टोप्या, लेस, बटणे, दोर, झाडू, टोपल्या. छापखानाही बायकाच चालवीत. ही यादी वाचताना माझ्या लक्षात आले की यांतील कितीतरी कामांना डोळे लागतच नाहीत. दोर वळायला, टोपली विणायला, सूत गुंडाळायला बोटे पुरतात. ज्या घरात एकच प्रकारचे काम आहे त्या घरात अधू मूल बसून राहते. ज्या घरात वीस प्रकारची कामे आहेत तेथे तिला जोगते एखादे निघतेच, आणि मग ती कोणाच्या जिवावर जगत नाही. शिवाय एकीचे डोळे दुसरीला मिळत. हजार माणसांच्या पंगतीत दहा आंधळ्या मुली जड होत नाहीत. एकट्या आईच्या घरात एकही जड होऊ शकते, हे आपण मान्य केले पाहिजे.

याचा अर्थ तेथे ओढाताण नव्हती असा कोणी करू नये. एवढ्या गर्दीत रोगराई होती, पाणी आटण्याची भीती होती, कोठीत उद्याचे धान्य नाही अशा रात्री होत्या. रमाबाई स्वतः जाडीभरडी पांढरी साडी नेसत आणि संस्थेतील साधे शाकाहारी जेवण जेवीत. इतक्या मुलींना एका शिस्तीत, एका प्रार्थनेत वाढविताना कोणाचे मन कोंडले गेले नसेल असेही नाही. आईच्या मांडीची बरोबरी संस्था करू शकत नाही. पण ज्यांना मांडीच नव्हती, त्यांच्या दृष्टीने केडगाव काय होते हे आपण कसे सांगणार?

अधू मुलाच्या आईला रात्री छळणारा प्रश्न रमाबाईंनाही होता. माझ्या माघारी कोण? त्यांनी मनोरमेला त्यासाठी तयार केले. मनोरमाबाईंनी मुक्तीतील शाळा सांभाळली, गुलबर्ग्यास नवे काम सुरू केले. आईचे ऐकणे वयाबरोबर अधिकच मंदावले होते, तेव्हा बाहेरच्या जगाशी बोलणे पुष्कळसे लेकीच्याच तोंडून होई. परंतु दैवाचे गणित वेगळे होते. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई मिरजेच्या इस्पितळात वारल्या. जिच्यावर सारे सोपवायचे तीच गेली. रमाबाईंनी दुसऱ्या सहकाऱ्यांवर व्यवस्था सोपविली, मूळ भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत आणल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही केडगावातच देह ठेवला. मनोरमाबाईंना जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते. १९१९ मध्ये सरकारने दिलेले कैसर-इ-हिंद सुवर्णपदक आणि १९८९ मध्ये स्वतंत्र भारताने काढलेले टपालाचे तिकीट यांची नोंद येथे करून ठेवते. त्यांच्या लेकींना त्याचे फारसे महत्त्व वाटले असते असे नाही. मुक्तीचे काम मात्र मायलेकींच्या मागे बंद पडले नाही. ते केडगावी आजही चालू आहे.

हे सारे मी त्या भगिनींना एका दुपारी जाऊन सांगितले. त्यांचे यजमानही घरी होते. शंभर एकर जमीन आपल्याजवळ नाही, असे ते हसून म्हणाले, आणि ते खरेच होते. मग आम्ही वही पुढे घेतली. अकोल्याच्या खेपेला सोबत कोण जाईल, दुपारचे दोन तास मुलीजवळ कोण बसेल, कोणाची लेक तिला वाचून दाखवील, अशी नावे आम्ही खर्चाच्या रकान्यासमोर लिहीत गेलो. सात नावे झाली. मंडळाच्या भिशीचा यंदाचा पहिला क्रमांक त्यांना द्यावा असे कार्यकारिणीत ठरले आहे. बाकीचा हिशेब अजून जुळायचा आहे. हा अंक छापखान्यात जात असताना ती दोघे मुलीला भेटायला जाण्याच्या तयारीत आहेत.